वही आधी, खुर्ची नंतर

पत्र :

ताई, मी साताऱ्यात एका सरकारी बँकेत क्लार्क आहे. बावीस वर्षं झाली. आमच्या बँकेचं विलीनीकरण कागदावर होऊन काही वर्षं लोटली, पण आमच्या काउंटरपर्यंत ते या वर्षी पोचलं. हाकेच्या अंतरावरच्या दोन शाखा एक केल्या. कपाटं दोन्हीकडची आली, माणसं मात्र सोळाची अकरा झाली. शिपाईमामांना निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना म्हसवडला टाकलं. एचआरचं पोर्टल बदललं त्यात माझी ३८ दिवसांची रजा गायब झाली. एकत्र आल्यावर पहिल्याच आठवड्यात माझ्या कॅशमध्ये ४,६०० रुपये कमी आले. नव्या लोकांसमोर शोभा नको म्हणून मी ते गुपचूप भरले. साहेबांचे विमा पॉलिसीचे मेसेज रात्री पावणेदहाला येतात.

आमच्या युनियनचे सेक्रेटरी नाना जूनमध्ये निवृत्त होतायत. ते म्हणतात, ‘आता तू घे.’ शाखेतली नवी मुलं म्हणतात, युनियन वर्गणी कापते आणि ग्रुपवर ‘क्रांतिकारी अभिनंदन’ पाठवते, यापलीकडे काय करते? आमचे हे म्हणतात, नसती उठाठेव. मुलगी बारावीत आहे. भांडायचा माझा स्वभाव नाही. काय करू?

— एक क्लार्क, सातारा

उत्तर :

ताई,

विचारलंय तुम्ही सेक्रेटरीपदाबद्दल, पण वाचताना माझं बोट अडकलं ते ४,६०० रुपयांवर. म्हणून आधी तेच.

तुम्ही पैसे भरले, कुणाला बोलला नाहीत, कॅश टॅली झाली. बँकेच्या दप्तरी त्या दिवशी काही घडलंच नाही. उद्या पुन्हा तूट आली आणि ती ४६ हजारांची निघाली, तर चौकशीला बसलेला अधिकारी पहिला प्रश्न विचारेल, ‘याआधी कधी असं झालं होतं?’ नाही म्हणालात तर खोटं बोललात, हो म्हणालात तर ‘मग तेव्हा लपवलंत का?’ दोन्हीकडून तुम्हीच अडकणार. मी एकतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली बारा हेडकॅशिअर म्हणून. तूट कुणाच्या हातून येत नाही? उसाच्या बिलाचा दिवस, रांग दारापर्यंत, मोजायचं मशीन धुळीनं अडखळतंय आणि पलीकडून कुणीतरी ओरडतंय, की पासबुक भरून द्या. तूट त्याच दिवशी लिहायची असते. रजिस्टरला नोंद, मॅनेजरची सही, भरलेल्या पैशाची पावती. पैसे बहुतेक वेळा आपल्याच खिशातून जातात, ते मी नाकारत नाही. पण मग निदान कागद आपल्या बाजूला उभा राहतो.

आणि यात तुमच्या एकटीपुरतं नसलेलं काहीतरी आहे. दोन शाखांची गर्दी एका काउंटरवर आली, कॅशिअर एकच, त्या आठवड्यात तूट आली. तशीच ती इतर कुठल्या एकत्र केलेल्या शाखेतही कुणाला तरी आली असेल, आणि तिनंही शोभा नको म्हणून गुपचूप भरली असेल. मग विभागीय कार्यालयाला काय दिसतं? एकत्रीकरण अगदी सुरळीत पार पडलं. एकाही शाखेतून तक्रार नाही, दुसऱ्या कॅशिअरची मागणी नाही. तुमचे ४,६०० रुपये त्या ‘सुरळीत’मध्ये मुरले. तुमच्या ३८ रजा मुरल्या, मामांचा एस.टी.चा पास मुरला. बदलाच्या वर्षात युनियनचं पहिलं काम मला विचाराल तर हे मुरू न देणं. घोषणा नंतर.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर : घ्या. पण नानांकडून आधी वही मागून घ्या, खुर्ची नंतर.

वहीचं सांगते. सातारा आणि सांगली या दोन्ही गावांनी बँकेचा बोर्ड उतरताना पाहिलाय. तुमच्याकडं अण्णासाहेब चिरमुल्यांनी १९३६ साली काढलेली युनायटेड वेस्टर्न बँक ऑक्टोबर २००६ मध्ये आयडीबीआयमध्ये गेली. पुढं सातच महिन्यांत, एप्रिल २००७ मध्ये, आमच्या गावची १९१६ सालची सांगली बँक आयसीआयसीआयमध्ये गेली. माणसं हळहळली. ज्यांच्या आजोबांनी त्या काउंटरवर पहिलं खातं उघडलं होतं त्यांना ते घरातलं कुणी गेल्यासारखं वाटलं. माझी बँक या दोन्हींतली नव्हे, तिचं नाव मी इथं घेत नाही. पण तीही अशीच दुसऱ्या बँकेत गेली आणि मी त्या वर्षी शाखेत होते.

आमचे युनिट सेक्रेटरी होते बापू. बोलायला अगदी सामान्य, सभेत माइक हातात आला की घसा खाकरण्यातच अर्धा मिनिट घालवायचे. पण त्यांच्याकडं एक शंभर पानी वही होती. विलीनीकरणाची बातमी पेपरात आली त्याच आठवड्यात त्यांनी प्रत्येकाला बोलावून विचारलं : रुजू झाल्याची तारीख, कायम झाल्याची तारीख, इन्क्रिमेंटचा महिना, आज शिल्लक असलेली रजा, पीएफला वारस कोण, जेएआयआयबी-सीएआयआयबी या बँकिंगच्या परीक्षा झाल्यात का आणि त्यांचा भत्ता कधीपासून मिळतो, एलएफसीचा, म्हणजे रजेतल्या प्रवासखर्चाचा, ब्लॉक कुठला. प्रत्येकाच्या नोंदीखाली त्या माणसाची सही. आम्ही हसायचो, ‘बापू, किराणा दुकान काढताय का?’ सहा महिन्यांनी नव्या बँकेची सीनियॉरिटी लिस्ट आली. त्यात आमच्यातल्या अकरा जणांची रुजू तारीख चुकलेली. कुणाची ट्रेनिंगची तारीख धरलेली, कुणाची बदलीची. हरकत घ्यायला पंधरा दिवस. ज्यांच्याकडं नेमणुकीचं पत्र होतं त्यांनी ते शोधलं, उरलेल्यांनी बापूंची वही शोधली. बापूंनी अकरा अर्ज स्वतःच्या हातानं लिहिले, शाईच्या पेनानं. अकराच्या अकरा दुरुस्त झाले. त्यातल्या एकाला पुढं याच लिस्टवर प्रमोशन मिळालं, आणि तो ऑफिसर झाल्यावर बापूंना ओळखही दाखवीना. तेही वहीत लिहिलंय का, असं मी एकदा बापूंना विचारलं होतं. ते नुसते हसले.

तेव्हा तुमच्या ३८ दिवसांचं आधी बघा. जुन्या पोर्टलची प्रिंट, मार्चअखेरची रजेची शिल्लक दाखवणारं काहीही, रजा मंजूर झाल्याचे जुने मेल, शाखेच्या रजा रजिस्टरची झेरॉक्स, जे हाती लागेल ते जोडून अर्ज करा. अर्जावर आवक शिक्का घ्या. ‘साहेबांना सांगितलंय’ याला अर्ज म्हणत नाहीत. आणि शाखेतल्या बाकी दहा जणांनाही त्यांची शिल्लक तपासायला सांगा. मला नाही वाटत पोर्टलचा राग फक्त तुमच्यावर असेल. दहा जणांची रजा चुकलेली निघाली की ती तुमची तक्रार राहत नाही, ती बँकेची दुरुस्ती होते.

याच जागी कायद्याचं थोडं सांगून टाकते, कारण तोही आता बदललाय. १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा जाऊन २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. वीस किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती हवी, तिच्यात मालक आणि कामगार यांचे प्रतिनिधी सारख्या संख्येनं हवेत आणि बायकांना त्यांच्या प्रमाणात जागा हवी, असं त्यात आहे. तक्रार घडल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करायचा, समितीनं तीस दिवसांत निकाली काढायचा. तुमची शाखा अकराची, तेव्हा विभागाच्या पातळीवर अशी समिती आहे का, तिच्यात कोण आहे, हे लेखी विचारा. सेक्रेटरी म्हणून तुमचं पहिलं पत्र हेच होऊ शकतं, आणि यात भांडण कुठंच नाही.

पगार, कामाचे तास, रजा असल्या कायद्याच्या यादीतल्या गोष्टी बदलायच्या तर मालकाला एकवीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते. ही तरतूद जुन्या कायद्यातही होती, नव्यातही आहे. पण सांभाळून. बदली त्या यादीत नाही. तेव्हा मामांच्या बदलीवर ‘नोटीस कुठं आहे?’ असं विचारलंत तर समोरचा माणूस मनातल्या मनात खूश होईल.

मामांचं काय करायचं मग? साताऱ्याहून पुसेगाव, दहिवडीवरून म्हसवड, जाऊन-येऊन रोजचे दीडशे किलोमीटरच्या वर. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला. ऐकूनच संताप येतो. तरी माझा सल्ला बँकेतल्या सगळ्या जुन्या युनियनवाल्यांचा आहे तोच : आधी हजर व्हा, मग भांडा. हजर न होता घरी बसलेल्या माणसाचा मुद्दा कितीही खरा असला तरी चौकशी त्याच्या गैरहजेरीची होते. मामा हजर झालेत असं तुमच्या पत्रावरून वाटतं, चांगलं केलं. आता बँकेचं बदली धोरण आणि सबस्टाफच्या, म्हणजे शिपाई वगैरेंच्या, बदल्यांबाबत बँक-युनियनमध्ये झालेले करार काढा. निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्यांना बहुतेक धोरणांत काही ना काही सवलत असते. मामांची प्रकृती, डॉक्टरांचे कागद, घरी कोण आजारी आहे, हे सगळं एका पानात मांडा. एका पानात, ताई. चार पानांचं निवेदन कुणी वाचत नाही. आणि त्यात पर्याय द्या. ‘मामांना परत साताऱ्यात आणा’ एवढंच लिहिलं तर ‘जागा नाही’ असं एका ओळीत उत्तर येईल. कोरेगावला, वाईला, कराडला जागा रिकामी आहे का, कुणाला म्हसवडकडं जायचंच आहे का, हे तुम्ही शोधून लिहिलंत तर वरच्या माणसाला फक्त सही करायची उरते. माण तालुक्यातला एखादा पोरगा साताऱ्यात अडकून घरी जायला तडफडत असतो, हे मी कैकदा पाहिलंय. बँकेला ते ठाऊक नसतं. शाखाशाखांत फिरणाऱ्या सेक्रेटरीला ठाऊक असतं.

पासवर्डबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण अकरा माणसांत सोळांचं काम चालतं तिथं पासवर्ड या टेबलावरून त्या टेबलावर फिरत असणार, हे मी न विचारता सांगते. ‘जरा पास करून टाक गं’ म्हणून. व्यवहार पास, म्हणजे मंजूर, कुणी केला हे सिस्टीम लॉगिनवरून सांगते, गर्दी किती होती हे सांगत नाही. शाखेतल्या नव्या मुलांना बाकी काही नाही पटलं तरी एवढं पटवा. आणि मेमो हातात पडला तर तिथल्या तिथं, साहेबांच्या केबिनमध्ये उभ्यानं, उत्तर लिहून द्यायचं नाही. प्रत घ्यायची, मुदत मागायची, घरी जाऊन जेवायचं, मग दुसऱ्याला दाखवून लिहायचं. क्लार्क आणि सबस्टाफच्या शिस्तभंगाच्या कारवाईची सगळी रीत १० एप्रिल २००२ च्या करारात लिहिलेली आहे. चौकशीत आपल्या बाजूनं बँक कर्मचाऱ्यांच्या नोंदणीकृत युनियनचा प्रतिनिधी उभा करता येतो, तोही त्यातच. तो करार नानांच्या कपाटात असेल. नसला तर मिळवा आणि एकदा सावकाश वाचा. इंग्रजी रुक्ष आहे, पण दुसऱ्या वाचनात कळतो.

मी अशा चौकश्यांत सात-आठ वेळा बाजूला बसले. एकदा एका माणसाच्या बाजूला बसले ज्यानं खरोखरच पेन्शनरच्या खात्याला हात लावला होता. मला आधी माहीत नव्हतं, तिसऱ्या तारखेला कागद बघताना कळलं. त्या रात्री मी जेवले नाही. त्याचा बचाव सोडला नाही, कारण रीतसर चौकशी हा त्याचाही हक्क. पण त्याच्यासाठी एक शब्द खोटा बोलले नाही आणि तसं त्याला आधी सांगितलं. तुमच्यावरही अशी वेळ येईल. तेव्हा काय करायचं ते आजच ठरवून ठेवा, त्या दिवशी सुचत नाही.

आता तुमच्या नव्या मुलांचा प्रश्न, युनियन करते काय? तो चुकीचा नाही. ती रुजू झाली तेव्हा पगार तयार होता, डीए, म्हणजे महागाई भत्ता, तयार होता. फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर, दर तीन महिन्यांनी डीए महागाईच्या आकड्याबरोबर हलतो, तो हवामानासारखा आपोआप हलतो असंच कुणालाही वाटेल. त्यांना एक साताऱ्याची गोष्ट सांगा. १९५३ साली बँक कर्मचाऱ्यांच्या पगाराचा शास्त्री निवाडा आला. त्यावर अपील झालं, अपिलात जे मिळालं त्याला १९५४ मध्ये सरकारनं कात्री लावली. तेव्हाचे कामगारमंत्री व्ही. व्ही. गिरी, पुढं राष्ट्रपती झालेले, त्यांनी या कारणावरून मंत्रिपद सोडलं. बँकेतल्या कारकुनांच्या पगारासाठी मंत्र्यानं राजीनामा द्यावा, आज हे सांगितलं तर मुलं गंमत समजतील. मग आयोग नेमला गेला, आणि त्याचं काम शेवटाला नेलं प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी. जन्म साताऱ्याचा, १९०१ चा. पुढं ते देशाचे सरन्यायाधीश झाले, पहिल्या राष्ट्रीय कामगार आयोगाचे अध्यक्षही. तुमच्या गावच्या माणसाच्या हाताखालून बँक क्लार्कचा पगार गेलाय, आणि साताऱ्याच्या राजपथावर दहा जणांना विचारलंत तर नऊ जणांना ते ठाऊक नसेल.

निवाड्यांचा तो काळ संपला तो १९६६ च्या ऑक्टोबरात, पहिल्या द्विपक्षीय करारानं. तेव्हापासून युनियन आणि बँका समोरासमोर बसून ठरवतात. बारावा करार ८ मार्च २०२४ ला झाला, १७ टक्के वाढीचा, नोव्हेंबर २०२२ पासून लागू. त्याचा फरक या मुलांच्या खात्यात जमा झालाय, तो त्यांनी खर्चही केला असेल. ऑक्टोबर २०२७ ला त्याची मुदत संपते. पुढच्याच्या वाटाघाटीला कोण बसणार, याला आता जास्त महत्त्व आलंय. नव्या संहितेत एकापेक्षा जास्त युनियन असतील तर हजेरीपटावरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेल्या युनियनलाच मालकाशी बोलणारी एकमेव युनियन म्हणून मान्यता मिळते. म्हणजे ‘मी सभासद नसलो तरी वाढ मला मिळतेच ना’ म्हणणारा मुलगा मोजणीतून स्वतःला वजा करून घेतो. हे त्याला रागानं नका सांगू. चहा पाजून सांगा.

आणि जुन्या पिढीनं संगणकाला आडवं जाण्यापलीकडं काही केलं नाही असं कुणी म्हणालं, तर १९८३ चा करार दाखवा. विरोध झाला होता, खरंय, मीच एका मोर्चात ‘कॉम्प्युटर हटाव’ ओरडत गेलेय, आणि आज मी फोनवरून वीजबिल भरते. पण मोर्चा संपल्यावर टेबलावर बसून कुठलं यंत्र कुठल्या कामाला येणार, ते चालवणाऱ्याला जादा भत्ता किती, हे लिहून घेतलं गेलं. बदल अडला नाही, तो लिहून आला. तुमचं पोर्टल, तुमचं शाखा एकत्रीकरण, यातलं काय कुठं लिहून आलंय, ते बघा. शाखा पुन्हा वेगळ्या होणार नाहीत, त्यासाठी ताकद घालवू नका. पाच माणसं कमी झाली त्यातली दोन परत मिळवणं शक्य आहे. त्यासाठी रोजचे व्यवहार, रांग, उशिरापर्यंत बसलेले तास, या गोष्टी तीन महिने वहीत लिहा.

ग्राहकाला विसरू नका. जावळीच्या खोऱ्यातून, परळीच्या बाजूनं जी म्हातारी माणसं पेन्शनला येतात त्यांना दोन बँका एक झाल्याचं कुणी सांगितलेलं नसतं. चेकबुक बदललं, आयएफएससी बदलला, नातवानं जुना नंबर दिला म्हणून पैसे परत गेले, आणि शिव्या खाता तुम्ही. आमच्या शाखेत त्या वर्षी युनियननं दारात एक टेबल टाकलं होतं. निवृत्त झालेले दोघे-तिघे बसायचे, फॉर्म भरून द्यायचे, मराठीत समजावून सांगायचे. मॅनेजरसाहेब पहिल्या दिवशी आठ्या घालून आले, आठवड्यानं त्यांनीच पंखा लावून दिला. पुढं आम्ही काळ्या फिती लावून दारात उभं राहिलो तेव्हा रांगेतल्या एका आजीनं विचारलं, ‘मला बी लाव की एक.’ नाना निवृत्त झाल्यावर घरी बसून काय करणार आहेत? टेबल टाका.

रात्री पावणेदहाच्या मेसेजला रात्री उत्तर देऊ नका, आणि एकटीनं तर मुळीच देऊ नका. दुसऱ्या दिवशी दहा वाजता, अकराही जणांचं ठरलेलं एकच सभ्य वाक्य : ‘आपला काल रात्रीचा निरोप मिळाला, कामाच्या वेळेत बघतो.’ पॉलिसी कुणाच्या गळ्यात मारायची वेळ आली तर समोरच्या माणसाचं वय आणि गरज बघा. पंचाहत्तरीच्या पेन्शनरला लांब मुदतीची पॉलिसी देऊन मिळालेलं कौतुक मला कधी पचलं नाही. साहेबांवरही वरून मेसेज येत असतात, रात्री साडेनऊला. ते ऑफिसर, त्यांची संघटना वेगळी, पण एखाद्या शनिवारी त्यांनाही विचारून बघा, झोप लागते का.

युनियनचे दोष मला ठाऊक नाहीत असं समजू नका. सभा संध्याकाळी सात वाजता, तीही पुण्यात. मग बायका येत नाहीत, मग ‘बायकांना रस नाही’ असं इतिवृत्तात लिहायचं. हे मी वीस वर्षं ऐकलं. तुम्ही सेक्रेटरी झालात तर सभा दुसऱ्या किंवा चौथ्या शनिवारी सकाळी अकराला ठेवा, साताऱ्यातच, तासाभरात संपणारी. लेव्हीचा, म्हणजे सभासदांकडून घेतलेल्या जादा वर्गणीचा, हिशेब मागितला की पुढारी रागावतात, हाही जुना रोग. तुम्ही कुणी न मागताच हिशेब दर सहा महिन्यांनी एका पानावर काढून ग्रुपवर टाका, त्या ‘क्रांतिकारी अभिनंदन’च्या खालीच. नव्या मुलांच्या तोंडाला कुलूप लागेल, आणि एखाद्या जुन्याच्याही.

आता घरचं. यजमान उठाठेव म्हणतात, त्यात थोडी काळजीही असेल. त्यांना पदाचं नाव न सांगता तास सांगा : आठवड्याला तीन, महिन्यातून एक शनिवार. मुलीची बारावी फेब्रुवारी-मार्चपर्यंत. तेव्हा नानांना म्हणा, जूनपासून मी घेते, पण पहिलं वर्ष सोबत एक जोडसेक्रेटरी हवा, त्या वर्गणीवर बोलणाऱ्या मुलांपैकीच एक. जो जास्त बोलतो तो. एका वर्षानं जमत नाही वाटलं तर सोडा, त्यात नाचक्की काही नाही. तुम्ही लिहिता भांडायचा स्वभाव नाही. बापूंचाही नव्हता.

जूनपर्यंतचे जे शनिवार हातात आहेत ते नानांबरोबर बसा. सभासदांची यादी, चालू असलेली प्रकरणं, बँकेशी झालेला पत्रव्यवहार, युनियनच्या खात्याचं पासबुक, हे सगळं कागदावर ताब्यात घ्या. बाकीचं अर्धं त्यांच्या डोक्यात असेल. कुठला अधिकारी ऐकतो, कुठल्या शाखेत कोण मोडलंय, ते बोलतं करून लिहून काढा. जाताना कंदी पेढे न्या, नानांची जीभ सैल होते का बघा.

वही शंभर पानीच घ्या, दोनशे पानी पर्समध्ये मावत नाही. आणि पहिल्या पानावर दुसऱ्या कुणाचं काही लिहू नका. तारीख, काउंटर नंबर, त्या दिवशी रांग किती होती, कॅशमध्ये कोण सोबत होतं, कमी आलेले ४,६०० रुपये, कुठून आणून भरले. खाली तुमची सही. त्याची एक प्रत नानांना द्या, आणि मॅनेजरना पत्र कसं लिहायचं ते दोघं मिळून ठरवा.